दोन बाटल्यांची गाडी

डिकी उघडली की ते आधी उजवा तळहात उजव्या बाटलीवर ठेवत, मग डावा डाव्या बाटलीवर, आणि डोळे मिटून उभे राहत. तापाने फणफणलेल्या दोन मुलांच्या कपाळांना हात लावावा तसे. समोरचा कितीही घाईत असो, उत्तर बहुधा एकच असे.

"थांबा. अजून सारख्या नाहीत."

इंदूरच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोक गाड्यांच्या शर्यती लावत. त्या गाड्या तयार करणारा माणूस म्हणून यांचं नाव मिळालं. बातमी दोन परिच्छेदांत आटोपली. मी मात्र जात राहिलो. माझं ऑफिस जवळ होतं आणि त्यांच्याकडे चहा चांगला मिळे.

बाटल्यांत नायट्रस ऑक्साइड हा वायू असे. तो इंजिनात सोडला की पेट्रोल जास्त जोमाने जळतं आणि गाडी काही क्षण झेपावते. पण एकाच बाटलीचा दाब शर्यत संपेपर्यंत टिकत नाही. म्हणून ते दोन जोडत. दोन्हींच्या नळ्या पितळेच्या एका जोडात येत आणि तिथून एकच नळी पुढे इंजिनाकडे जाई. हे जोडणं त्यांच्या मते कोणालाही जमण्यासारखं होतं. दोन्ही बाटल्या एकसारख्या तापलेल्या ठेवणं हे खरं काम.

"एक गरम, एक थंड असली ना पत्रकारजी, तर गरमवाली आपला सगळा गॅस थंडवालीत भरत बसते. गाडीला काय मिळणार? आणि काट्यावर काही दिसत नाही. काटा म्हणतो, सब ठीक."

एकदा एका गिऱ्हाइकाने डोळा मारून इंदुरी हिंदीत विचारलं, "भिया, ये हँसने वाली गैस है ना?"

"हाँ. पर यहाँ अभी तक कोई हँसा नहीं."

दुसऱ्या एकाला तीन बाटल्या लावून हव्या होत्या. तो मराठी होता. त्यांनी त्याला विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग आधी दोघांचं कसं जमवायचं ते शीक."

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. कोणी तसं बोलून दाखवलं की म्हणत, "म्हणून तर माहीत आहे." गाडी शहराच्या रस्त्यावर पळवणार म्हणणाऱ्याला मात्र ते एका वाक्यात वाटेला लावत. "पोहे खा, घरी जा."

शेडच्या कोपऱ्यात एक जुनी पांढरी गाडी असे. ती गिऱ्हाइकाची नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून ती बांधली होती. हे जोडणी करत, धाकटा चालवत असे. मग त्याला पुण्याला नोकरी लागली. तेव्हापासून त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. दर रविवारी ते ती ढकलत उन्हात काढत, बाटल्या पुसत आणि फोन लावत. हात तेलकट असल्यामुळे फोन स्पीकरवर असे.

"छोट्या, येतोस ना?"

"येतो दादा. या खेपेला नक्की."

"येतोय तो," फोन ठेवून ते मला सांगत. मी ऐकलेलंच असे.

गेल्या हिवाळ्यात धावपट्टीवर शर्यती ठरल्या. त्यांनी गाडीचं नाव दिलं, चालक म्हणून भावाचं दिलं. नळ्या बदलल्या, पट्टे बदलले. भावाने तिकीट काढल्याचं कळवलं. मी त्या दिवशी बातमीसाठी गेलो नव्हतो, नुसताच गेलो होतो.

सकाळी चांगलीच थंडी होती. ऊन गाडीच्या एकाच अंगाला येत होतं. सावलीतल्या बाटलीवर त्यांनी आपली शाल टाकली, थोड्या वेळाने गाडी फिरवून उभी केली, शाल काढली. मग मला म्हणाले, "तुम्ही बघा हात लावून." मी पाहिलं. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. ते खूश दिसले.

नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा फोन आला.

"दादा, अरे निघताच आलं नाही. ऑफिसमध्ये ऐन वेळी…"

"बरं. नाश्ता केलास का?"

फोन त्यांनी खिशात ठेवला. शेजारच्या गाडीचा चालक ऐकत होता. तो पुढे आला. "मी चालवतो ना भिया. गाडी तयार आहे, फालतू कशाला परत न्यायची?"

ते डिकीकडे गेले. उजवा हात उजव्या बाटलीवर, डावा डाव्यावर. डोळे मिटले. या वेळी बराच वेळ उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले. "अजून सारख्या नाहीत."

नाव दोनदा पुकारलं गेलं. मग पुढचं नाव आलं.

त्यानंतरही रविवारी गाडी उन्हात निघत असे. फोन लावलेला मात्र मी ऐकला नाही.

पावसाळा संपता संपता ते गेले. जुनी इंदूर भागातल्या खोलीत, झोपेत. शेड रिकामी करायला भाऊ आला. मी गेलो तेव्हा पांढरी गाडी घेणारा माणूसही आला होता. त्याला बाटल्या नको होत्या, नुसती गाडी हवी होती. भावाने पाना घेतला, डिकी उघडली. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन एकाच बाटलीवर पडलं होतं.

पाना त्याने खाली ठेवला. उजवा तळहात उजव्या बाटलीवर ठेवला, मग डावा डाव्यावर.

"खोल दो ना भिया, देर हो रही है," घेणारा म्हणाला.

भावाचे डोळे मिटलेले होते.

"थांबा," तो मराठीतच म्हणाला. "अजून सारख्या नाहीत."