सोमाजीनं फेरलेलं छप्पर

सोमाजीपुढे पाण्याचा पेला केला, की तो आधी देणाऱ्याचं तोंड पाही. "काय काम हाये?" काही नाही म्हटलं, तर पेला तसाच राही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सिहोऱ्याजवळच्या शाळेत मास्तर होतो आणि तो माझा शेजारी. एकटा माणूस, धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची दोन छोटी शेतं. कोणाच्या छपराची कौलं काढून नीट फेरायची असोत, की आजाऱ्याला खाटेवर घालून तुमसरला न्यायचं असो, पुढचा खांदा सोमाजीचा. रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, तिकडे फेड चालते: आज माझ्या बांधीत तुम्ही, उद्या तुमच्या बांधीत मी. सोमाजी सगळ्यांकडे जाई, स्वतःकडे कोणालाही बोलावत नसे. त्यामुळे गावालाही त्याचा संशय. "याच्या पोटात काय हाये, देव जाने," त्याचा चुलतभाऊ तुकाराम म्हणे. "एक दिवस सारं एकदम मागते, पाहा."

मी एकदा विचारलं. "फुकट देनारा मानूस लय महाग पडते, गुर्जी," तो म्हणाला.

"आणि तुम्ही देता ते?"

"मी कुठं देतो? रिकामा हात खाजवते म्हनून जातो."

एका वर्षी ऐन रोवण्यात त्याला ताप भरला. रोपं वाफ्यातच पिवळी पडू लागली. वर्षाचा भात जाणार होता. तुकाराम चार बायामाणसं घेऊन आला. सोमाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खाट टाकून बसला होता.

"कोनं बोलावलं? माह्या बांधीत पाय ठेवाचा नाही!"

"अबे, खाशीन काय वर्षभर?"

"तुमी काय खासान, ते सांगा आधी!"

मी पुढे झालो. "सोमाजी, माझं छप्पर गळतंय. बरं वाटलं, की कवेलू फेरून द्या."

"मंग हे आधी सांगाचं ना," तो म्हणाला आणि पाय आवरून वाट दिली. दिवसभर मात्र खाटेवरून ओरडत होता, "ती ओळ वाकडी काहून?"

छप्पर गळत नव्हतं. ताप उतरताच तो काठी टेकत आला आणि मी नको नको म्हणत असताना वर चढला. बराच वेळ काही आवाज नाही. मग एकदाच खट्‌ झालं. उतरला तेव्हा हातात कवेलूचे दोन तुकडे होते.

"एकच फुटलं होतं. बदलवलं."

जुन्या भेगेवर शेवाळ असतं; या तुकड्यांची कड ताजी, लाल होती. मी पाणी पुढे केलं. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि न विचारता पेला रिकामा केला.

त्याच वर्षी थंडीत तो गेला. तिरडीला खांदा द्यायला अख्खं गाव आलं. काय काम आहे, हे त्यांना विचारायला सोमाजी नव्हता.