टर्कीची वाटणी

थोरल्या जाऊबाईचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नव्हती. तिचं नाक मुरडणं, भांडी आपटणं, मी केलेल्या प्रत्येक आमटीत मीठ शोधणं, सगळं माझ्या डोक्यात जायचं. त्यामुळे कळंब्याच्या बाजूचं आमचं घर दोघा भावांत वाटायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मधे भिंत येणार होती आणि तिचं तोंड दिसणार नव्हतं.

वाटणीला भावकीतली चार वडीलधारी माणसं बसली. म्हशी वाटल्या, पाण्याची मोटर, तांब्याची घंगाळं, शेवटी परसातल्या टर्क्या उरल्या. एक नर आणि दोन माद्या. कागलकडच्या एका माणसाकडून ती पिल्लं मीच आणली होती. नर पिल्लू असताना आजारी पडला म्हणून जाऊबाईनं त्याला चुलीजवळ बुट्टीत ठेवून, हातानं कण्या भरवून जगवलं होतं, एवढाच तिचा हक्क. पंचांतल्या एकानं नराला काट्याला अडकवलं, मग दोन्ही माद्यांना एकदम, आणि निकाल दिला.

"नर एकटा दोघींच्या वजनाचा हाय. त्यो थोरल्याला, माद्या धाकट्याला. झालं की बरोबर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जन्मभर म्हशी दाखवायला रेड्याकडे नेणारी ही माणसं, पण नर एकीकडे आणि माद्या दुसरीकडे ठेवल्या तर पुढं काय, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. पंधरवड्यात सिमेंटच्या ब्लॉकची भिंत उभी राहिली आणि वर जाळीही आली.

थंडी सरली आणि पलीकडे नर ओरडायला लागला. दिसत नसला तरी तो काय करतोय ते मला ठाऊक होतं. पिसारा फुलवायचा, पंख जमिनीला खरडत चालायचं, मुंडकं निळं आणि गळ्याची लोंबती कातडी लालभडक करायची. त्याचा आवाज आला की माझ्या माद्या धावत जाऊन भिंतीच्या बुडाला बसायच्या. पाय मुडपून, मान लांब करून, पाठ सपाट करून वाट बघायच्या. बराच वेळ तशा बसून मग उठायच्या आणि पिसं झाडून माती उकरायला लागायच्या. मला ते बघवायचं नाही.

दोघी अंडी मात्र घालत होत्या. त्यातली राखी रंगाची मादी खुडूक झाली आणि अंड्यांवर बसली. ती माझ्या जिवाची होती. मी परसात पाऊल टाकलं की मागंमागं यायची, भांडी घासताना शेजारी बसायची. तिच्या पंखाखाली तिची पिल्लं बघायची मला फार हौस होती. मोबाइलच्या उजेडात मी अंडी धरून पाहिली तर आत काही नाही, नुसतं पाण्यासारखं स्वच्छ. अंडी काढून घेतली तर ती दगडांवर बसली. दगड काढले तर नुसत्या जमिनीवर बसली. दाण्याला तोंड लावेना, छातीचं हाड हाताला लागायला लागलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पिंजऱ्यात ठेवून पाहा, नाहीतर चांगली अंडी द्या, अशीच बसली तर वाळून मरेल. पिंजऱ्यातून काढल्या काढल्या ती पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसली.

नवऱ्यानं बजावलं होतं, त्या दारात जायचं नाही. त्याचं काय जातंय, त्याला राखी आणि परसातला दगड सारखेच. दुसरी मादी अजून अंडी घालत होती. नर चार दिवस मिळाला तर तिची फळलेली अंडी राखीखाली ठेवता आली असती. मी रस्त्यानं वळसा घालून जाऊबाईच्या दारात गेले आणि उंबऱ्याबाहेरूनच नर मागितला. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"अर्धी पिल्लं माझी," ती म्हणाली. "न्हायतर चाललीस तशी जा."

मी हो म्हटलं.

नर आला तो पेंड खाऊन पिंपासारखा झालेला. मादी त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ भिंतीपाशी गेला आणि पलीकडे जाऊबाई खोकली त्या दिशेला पिसारा फुलवून उभा राहिला. चुलीजवळ वाढवलेल्या त्या मूर्खाला वाटत होतं की जाऊबाईच त्याची मादी. ती समोर दिसेना म्हणून तो माझ्या नवऱ्याच्या पायावर धावून गेला, तेवढं मात्र मला आवडलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पलीकडून ती हसत होती, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

शेवटी मी भिंतीपाशी उभी राहिले.

"अक्का, तुम्हीच या. तुमच्याशिवाय त्यो हलत न्हाय."

ती आली. न विचारता आमची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली, पदरानं पुसली, जणू आमच्या घरात बसायचं म्हणजे कपडे विटाळणार, आणि मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडायला लागली. नर तिच्यासमोर नाचायला लागला. मादी मधे येऊन बसली. तेव्हा कुठे तो चढला, आणि ते वजन तिला पेलेना. पाठीवर उभा राहून पाय तुडवत राहिला, घसरला, आणि जाताना नखांनी तिची कूस फाडून गेला. मी केरसुणी घेऊन धावले.

"नखं कापाय पायजेत," जाऊबाई म्हणाली. "आणि हिच्या पाठीवर काय तरी बांध."

तिनं नर धरला, मी नखं कापली. जुन्या दप्तराचं जाड कापड मी मादीच्या पाठीवर बांधलं तर तिनं ते सोडून पुन्हा बांधलं, तुला गाठ कधी येणार म्हणून. नराची पेंड बंद झाली. पुढं रोज दुपारी ती येऊन बसायची. माझा चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असं म्हणून सगळा प्यायची. मी तिच्या निवडलेल्या तांदळातले खडे दाखवायचे. त्याखेरीज आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी राखीला रोज उचलून हातानं चारा भरवत होते आणि ती कोपऱ्यात परत जात होती.

नर अंगानं उतरला, चिडका झाला, आणि एका दुपारी नीट चढून, टिकून, खाली उतरला. मादीनं सगळी पिसं फुलवून अंग झाडलं.

"झालं," जाऊबाई म्हणाली, आणि आम्ही दोघींनी दुसरीकडे बघितलं.

आठवड्याभराची अंडी राखीखाली ठेवली आणि नर पलीकडे परत गेला. पुढं उजेडात धरली तेव्हा आत लाल शिरा पसरलेल्या दिसल्या. जाऊबाई बघायला आलीच.

"माझ्या नरात खोट नव्हती."

"माझ्या माद्यांतबी नव्हती," मी म्हणाले.

पिल्लं निघाली. राखी त्यांच्या मागं पळत खायला लागली, अंगानं भरली, पंखाखाली सगळी घेऊन बसायला लागली. मी परसात बसून रडले, कुणाला सांगितलं नाही. पिल्लं आईशिवाय राहतील एवढी झाल्यावर जाऊबाई वाटा न्यायला आली. नर कोण, मादी कोण, हे अजून दिसत नव्हतं. तिनं एकेक पिल्लू तळहातावर तोललं आणि जड जड तेवढी निवडून घेतली.

दिवाळीपर्यंत कळलं. तिच्याकडचे सगळे नर निघाले, माझ्याकडच्या सगळ्या माद्या. पलीकडे ते एकमेकांची डोकी रक्तबंबाळ करतात आणि ती शिव्या देत त्यांना सोडवते. आता पुन्हा थंडी सरलीय. भिंतीच्या बुडाला माझ्या माद्या रांगेनं पाठी सपाट करून बसल्यात, राखीही त्यांच्यात आहे.

आज दुपारी मी प्लास्टिकची खुर्ची परसात नेऊन ठेवली. कुणासाठी, म्हणून नवऱ्यानं विचारलं, मी कुणासाठी नाही म्हटलं. खुर्चीवर बोटभर धूळ होती. ती मी पुसली नाही. येईल तेव्हा तिची ती पुसेल.