आनाबाईंच्या देशाचं गाणं

गाव सोडलं त्या सकाळी शाळेला सुट्टी होती. तरी मी झेंड्याच्या मोकळ्या खांबाला हात लावून आलो. एकतीस वर्षं त्या शाळेचा शिपाई होतो. स्वतः चौथी नापास, पण राष्ट्रगीताला नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, हे अख्ख्या गावाला मीच शिकवलं. गाववाल्यांनो, तुमच्यातले निम्मे माझ्याच हाताखालचे, नाकारू नका.

आता मुलाकडे, अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनला असतो. सून रोज म्हाताऱ्यांच्या सिनियर सेंटरला ड्रॉप करते. तिथं आनाबाई भेटल्या. ग्रीनलंडच्या, बर्फातल्या इन्युइट लोकांतल्या. त्याही लेकीकडे आलेल्या. मला त्यांचं बोलणं कळत नाही, त्यांना माझं. रोज शेजारी बसून कॉफी पितो.

गेल्या महिन्यात सेंटरात ठरलं, ज्यानं त्यानं आपल्या देशाचं गीत म्हणायचं. यादीत आनाबाई नाहीत. सुनेनं मला उलगडून सांगितलं, यादीवाल्या मॅडम म्हणाल्या, ग्रीनलंड वेगळा देश नाही, डेन्मार्कचं गीत लावू. आनाबाईंची लेक परोपरीनं सांगत होती, आमचा कारभार आम्ही बघतो, गीतही आमच्या भाषेतलं आहे. मॅडम नुसत्या हसल्या. आधीच टीव्हीवर रोज आनाबाईंचा मुलूख अमेरिकेनं विकत घ्यायच्या गप्पा. माणसं राहतात तिथं, गुरांचा बाजार आहे का तो?

कार्यक्रमाच्या दिवशी घरची माणसंही आली. माझं नाव पुकारलं. मी उठलो नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आधी ही बाई. नाहीतर जनगणमन नाही."

मुलगा कानाशी आला. "बाबा, प्लीज, तमाशा नको. माझं ग्रीन कार्ड अडकलंय."

त्याची भीती खोटी नव्हती. पण माझा बाप हमाल होता, तो सांगायचा, "ओझ्याखाली वाक, माणसाखाली नको." मी बसून राहिलो. शेवटी मॅडमनी आनाबाईंना हात केला.

त्यांनी गाणं सुरू केलं. मी बूट काढले नि ताठ उभा राहिलो. हळूहळू बाकीचे उठले. मुलगा सगळ्यात शेवटी, जमिनीकडे बघत.

घरी येताना तो ड्राइव्ह करत होता, नजर रस्त्यावरून काढली नाही. माझ्याशी अजून कमीच बोलतो. न बोलो.

फोनवर विचारता, आप्पा, घरी कधी येणार? घर आता इथंही आहे बाबांनो, भांडून मिळवलेलं. पुढच्या वर्षीची यादी होईल तेव्हा मॅडमच्या टेबलाशी मी बसलेला असणार.