हंगामाबाई

ताईंना राग आला की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली यायचा. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. आमच्या सोलापुरात मोठ्यानं बोलणाऱ्यांची कमी नाही. पेठेत दोन माणसं एकमेकांची खुशाली विचारत असली तरी लांबून भांडण वाटतं. त्यामुळे हळू आवाजात रागावणारी ही बाई लोकांना फार झोंबायची. एका गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर त्या ऑपरेटर होत्या. शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारायची सवय तिथली. शिवी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. त्यांचा राग खरा असायचा आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. म्हणूनच तो कुणाला खपला नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या काही हौशी वाजवणाऱ्यांनी मिळून एक बँड उभा केला. लग्नाचा नव्हे, ऐकण्याचा. फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन आलेले सुभेदार आमचे बँडमास्तर. चादरीच्या कारखान्यात काम करणारे इस्माईलभाई क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्या शेजारी दुसरं क्लॅरिनेट माझं. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. बाकी बरेचसे लग्नाच्या बँडमधले, सुपारी नसेल त्या दिवशी येणारे. आणि ताई, एकट्या बाई. त्यांच्याकडे वडिलांचं कॉर्नेट होतं, ट्रम्पेटसारखंच पण आखूड. वडिलांनी जन्मभर वरातीत ते वाजवलं आणि घराचं दार लावून मुलीला शिकवलं. वडील गेले, कॉर्नेट राहिलं, पण बाईमाणसानं ते वाजवावं कुठं? आमचा बँड निघाला तेव्हा त्या पहिल्याच दिवशी आल्या आणि सुभेदारांना म्हणाल्या, "मला बघून ठरवू नका, पाठ फिरवून ऐका." सुभेदारांनी खरोखर पाठ फिरवली. गत संपल्यावर वळले आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

हंगामाची कल्पना ताईंचीच. दिवाळीपासून होळीपर्यंत महिन्यातून एका रविवारी बागेत संध्याकाळी वाजवायचं, आणि वर्षभराचे सगळे कार्यक्रम एकाच विषयावर. "नुसती एकामागून एक गाणीच वाजवायची तर घरोघरी रेडिओ आहे की," त्या म्हणायच्या. "पिकाला हंगाम असतो तसा आपलाही असू दे. एका साली एकच पेरायचं." हा शब्द त्यांनी इतका लावून धरला, की एकदा तालमीत कुणाशी तरी त्यांचं वाजल्यावर इस्माईलभाई हसून म्हणाले, "ये हंगाम नै बाई, हंगामा है." तेव्हापासून पाठीमागे सगळे त्यांना हंगामाबाई म्हणू लागले. त्यांना ते कळलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "नाव चांगलंय. ज्याला भीती वाटते त्यानंच ठेवलेलं दिसतंय."

पहिला हंगाम कामाच्या गाण्यांचा होता. ताई सुट्टीच्या दिवशी पेठापेठांतून हिंडल्या. विड्या वळणाऱ्या बायकांची तेलुगू गाणी, जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी त्या ऐकून यायच्या आणि सुभेदार ती बँडसाठी बसवायचे. आमच्या समितीचे अध्यक्ष एक यंत्रमाग कारखानदार होते. तालमीला त्यांनी आपलं गोदाम दिलं होतं, म्हणून ते अध्यक्ष. पहिल्या कार्यक्रमाआधी त्यांना मोठं भाषण करायचं होतं. ताईंनी त्यांना विचारलं, "भाषण हे कामाचं गाणं आहे का?" सगळे हसले. अध्यक्षही हसले. पण त्या हसण्यानंतर त्यांनी ताईंकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी पाहिली होती.

मग दुष्काळ पडला. समितीत काहीजण म्हणाले, यंदा वाजवणं शोभणार नाही. ताई म्हणाल्या, लग्नं आणि सत्कार शोभतात, तर हे का नाही? त्यांनी त्या वर्षीचा विषय ठेवला पाणी. एवढंच नव्हे, बागेत न वाजवता टेंभुर्णीच्या रस्त्याला जिथं दुष्काळी काम चाललं होतं तिथं जाऊन वाजवायचं ठरवलं. आम्ही ट्रकमधून गेलो. दुपारच्या सुट्टीत खडी फोडणाऱ्या बाया डोक्याला फडकी गुंडाळून ढिगाऱ्यांच्या सावलीला बसल्या होत्या. आम्ही पावसाची एक गत वाजवली. ती संपली तशी एक म्हातारी उठून पुढं आली.

"पान्याची गानी कशाला वाजवताय?" ती ताईंना म्हणाली. "पानी आना की."

ताईंनी कॉर्नेट मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "मावशी, मग काय वाजवू?"

म्हातारी जराशी घुटमळली. मग म्हणाली, "वरातीचं वाजवा. तीन पोरींची लगीनं ऱ्हायलीत माज्या. कानाला तरी लागू दे."

ताईंनी लोकांसमोर वरातीचं कधीच वाजवलं नव्हतं. वडिलांची ती गत त्यांनी फक्त बंद दाराआड वाजवलेली. त्या दिवशी त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती वाजवली. आमच्यातल्या लग्नाच्या बँडवाल्यांनी लगेच साथ धरली, कारण त्यांना ती पाठच होती. बाया नाचल्या नाहीत. नुसत्या ऐकत बसल्या. काहींनी फडक्यानं डोळे पुसले. परत आल्यावर घरापाशी ट्रकमधून उतरताना ताई मला म्हणाल्या, "पुढचा हंगाम वरातीचा."

तो हंगाम सोलापुरात गाजला. लग्नात बँड चालत असतो, उभा असतो, घामाघूम असतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. ताईंनी बागेतल्या चौथऱ्यावर खुर्च्या मांडल्या, गावातल्या जुन्या बँडवाल्यांना एकेक करून बोलावलं, मधोमध बसवलं आणि त्यांच्या गती त्यांच्या नावानिशी वाजवल्या. पहिल्या दिवशी त्यांनी लोकांना एवढंच सांगितलं, "आज बँड बसणार आहे. वरात पुढं जाणार नाही." एक ट्रॉम्बोनवाले म्हातारे खुर्चीवर टेकायलाच तयार होईनात. बसून वाजवायची सवयच नाही म्हणाले. ताईंनी त्यांना दंडाला धरून बसवलं. बाग भरून गेली. अध्यक्षांचं नाव सगळीकडे झालं, कारण पत्रकावर त्यांचंच नाव मोठं होतं. ताईंचं नाव पत्रकावर नव्हतंच. सुभेदारांनी ते घालायला सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बाईमाणसाचं नाव कशाला भिंतीवर लावता?"

त्याच वैशाखात अध्यक्षांच्या मुलाचं लग्न होतं. पत्रिकेत छापून आलं, की वरातीत 'आमचा बँड' वाजेल. अध्यक्षांनी आधी विचारलंही नव्हतं. ताई त्यांच्याकडे गेल्या, मी आणि सुभेदार सोबत होतो. ताईंनी सांगितलं, की आम्ही पाहुणे म्हणून येऊ आणि मांडवात बसून वाजवू. वरातीत चालणार नाही. अध्यक्षांनी हात जोडून म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, ताई." इतक्या गोड शब्दांत खोटं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतर पुष्कळ पाहिले.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तर मांडवात आमच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. गल्लीच्या तोंडाला, उन्हात, एका बाकावर लाल कोटांचा ढीग पडला होता. सोनेरी झालरीचे, भाड्याच्या बँडचे कोट, घामाचा वास मारणारे. अध्यक्षांचा भाऊ म्हणाला, वराला घोड्यावर बसवतोय, तुम्ही कोट घाला आणि पुढं उभे राहा. ताईंना म्हणाला, "तुम्ही आत बायकांत जाऊन बसा." सुभेदार म्हणाले, मी फौजेचा कोट सोडून दुसरा कोट घालणार नाही. पण लग्नाच्या बँडमधली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना याच गावात पुढंही वाजवायचं होतं. एकेकानं मुकाट्यानं कोट उचलला.

ताईंनी ते पाहिलं. त्या ढिगाकडे गेल्या, एक कोट उचलून झटकला, साडीवरून चढवला, बटणं लावली आणि पहिल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. अध्यक्षांचा भाऊ काहीतरी बोलला. ताई त्याला इतक्या हळू म्हणाल्या, की मला शेजारी असूनही जेमतेम ऐकू आलं, "ही माणसं चालणार तर मीही चालणार."

साऱ्या पेठेतून ती वरात गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गच्चीवरून बाया बोट दाखवून हसत होत्या. कुणीतरी नाचता नाचता त्यांच्यावरून नोट ओवाळून फेकली. ती कुणीच उचलली नाही. ताईंनी रागानं काहीतरी वेडंवाकडं वाजवलं असेल, असं ऐकणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही. वडिलांच्या सगळ्या गती त्यांनी एकामागून एक वाजवल्या, अतिशय सुंदर. त्यांचा चेहरा मात्र मला बघवत नव्हता. इस्माईलभाई वाजवता वाजवता रडत होते.

वरात मांडवापाशी आली की बँड बाहेर थांबतो. ताई थांबल्या नाहीत. वाजवतच आत गेल्या, आम्ही सगळे त्यांच्यामागे. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. पंगत बसू लागली तशा ताई त्या कोटासकट पहिल्या पंगतीत जाऊन बसल्या. आम्हीही बसलो. अध्यक्ष स्वतः धावत आले. मला म्हणाले, "मास्तर, तुमचं आणि सुभेदारांचं पान इकडं मांडलंय." मग ताईंकडे वळून, "बँडची व्यवस्था मागच्या अंगणात आहे, ताई. वाईट वाटून घेऊ नका. रीत आहे."

साऱ्या पंगतीचे कान तिकडे होते.

"ती रीत माझे वडील जन्मभर जेवले," ताई म्हणाल्या. "मला भूक नाही."

त्या उठल्या. बँडवाल्यांपैकी काहीजण त्यांच्यामागे निघाले, काहीजण मान खाली घालून मागच्या अंगणाकडे वळले. दुपारपासून चाललेली, उपाशी माणसं ती. ताईंनी जाताना त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून घ्या," म्हणाल्या, "ते तुमच्या कष्टाचं आहे." सुभेदार आणि मीही निघालो. त्यात माझं काही मोठेपण नव्हतं. घरून पोटभर खाऊन गेलो होतो, आणि माझं पान तर आतच मांडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप लागलं. बँडची वाद्यं आत राहिली. बागेची परवानगी समितीच्या नावावर असायची. अध्यक्षांनी ती मागितलीच नाही. तरी ताईंनी पुढचा हंगाम जाहीर केला. विषय होता 'मागचं अंगण'. ज्याच्याकडे स्वतःचं वाद्य होतं तो ते घेऊन आला. इस्माईलभाईंच्या घरामागच्या पटांगणात आम्ही वाजवायचो आणि नंतर ऐकायला आलेल्या सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायचो. बँडवाले बायकामुलांसह यायचे. बागेत पहिल्या रांगेत बसून माना डोलावणारी, ताईंना 'सोलापूरचं भूषण' म्हणणारी मंडळी एकदाही आली नाही. रस्त्यात भेटली की विचारायची, "काय मास्तर, हंगामा चालू आहे का?" त्यांना मी काय उत्तर द्यायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो हंगाम पुरा झाला नाही. गिरणीत ताईंना सांगण्यात आलं, की बोर्डावर आता दोघींची गरज नाही. दुसरी त्यांच्यानंतर लागलेली होती. ती राहिली, ताई गेल्या. हे कुणी घडवलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. गिरणीचे मालक आणि अध्यक्ष व्याही लागत होते, एवढंच मला ठाऊक आहे. ताईंना नांदेडला एका दवाखान्याच्या बोर्डावर काम मिळालं. स्टँडवर आम्ही चार-पाचजण पोचवायला गेलो होतो. इस्माईलभाई म्हणाले, "बाई, अब तो गुस्सा छोड दो." ताई म्हणाल्या, "गुस्सा सोडला तर माझ्याकडे राहतं काय, इस्माईलभाई?" आणि एसटीत चढल्या. नांदेडात त्यांना बँड मिळाला नाही. दोन पत्रं आली, मग तीही बंद झाली. तिकडेच त्या वारल्याचं आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

बँड समितीनं पुन्हा उभा केला, नव्या माणसांचा. बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी रौप्यमहोत्सव केला आणि जुना वादक म्हणून मला निमंत्रण दिलं. अध्यक्ष वारले होते, आता मुलगा अध्यक्ष होता. ज्याच्या लग्नाची ती वरात, तोच. हंगामांची परंपरा आपल्या वडिलांनी सुरू केली, असं तो म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग त्यानं ताईंचं नाव घेतलं, आवाज जरा ओला केला आणि म्हणाला, "ताई आमच्या घरच्याच होत्या. माझ्या लग्नात आमच्या पंगतीला जेवल्या आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभा राहिलो.

"जेवल्या नाहीत," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांनी त्यांना मागच्या अंगणात जायला सांगितलं. त्या उपाशी घरी गेल्या."

शेजारच्यानं माझा सदरा ओढला आणि कुजबुजला, "मास्तर, बसा की. आता कशाला?" अध्यक्षांच्या मुलानं पाण्याचा घोट घेतला, कागद उलटला आणि पुढचं वाचायला लागला. मी बसलो नाही. तिसऱ्या रांगेत, त्याच्या अगदी समोर, मी त्याचं भाषण संपेपर्यंत उभा राहिलो, आणि माझ्याकडे न बघता त्याला ते संपवावं लागलं.