जावयाच्या नावावरची वेबसाइट

अकोल्यात जठारपेठेत माझं लहानसं ऑफिस आहे. दुकानदारांना वेबसाइट करून देते आणि त्यांच्यावर ओरडते. दुसरं काम फुकट असतं आणि तेच जास्त करावं लागतं. साइटचं नाव स्वतःच्या नावावर घ्या, ईमेल स्वतःचा द्या, मोबाइल नंबर स्वतःचा द्या, पासवर्ड घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन साल्याचा ईमेल देतो. मग साल्याशी भांडण झालं की माझ्याकडे रडत येतो. तोंडानं मी फटकळ आहे, त्यामुळे त्याला सहानुभूतीही मिळत नाही.

पण सगळ्यात मोठा बैल माझ्याच घरात निघाला. माझा मोठा भाऊ. अमरावतीला त्याचं संत्रा बर्फी आणि फराळाचं दुकान आहे. संत्री शेंदूरजनाघाटची, हात वहिनीचा आणि माझ्या भाचीचा. साइट मी केली, पण तिच्यातला प्रत्येक फोटो भाचीनं काढलेला, प्रत्येक ओळ तिनं लिहिलेली. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन गावातच दोन वस्त्या पलीकडे गेली होती.

साइटचं नाव विकत घ्यायचं ठरलं तो धोंड्याचा महिना होता. लेक-जावई जेवायला आलेले, जावयाला वाण द्यायचं होतं. चांदीची वाटी दिली, अनारसे दिले, तरी दादाचं मन भरेना. म्हणाला, साइटचं बटण जवाईबापूच दाबतीन, नाव बी त्याईचंच टाक. मी जागच्या जागी भडकले. "दादा, दुकान तुझं आहे, नाव तुझं टाक." तर हा पाहुण्यासमोर माझ्यावरच डोळे वटारतो. "जवायाचा मान असते. तुले नाही समजत." म्हणजे वेबसाइटी करणारी मी, आणि समजत मला नाही. जावयानं पाटावर बसून, कपाळावर कुंकवाचा टिळा घेऊन, स्वतःचा ईमेल टाकला. ऑर्डरचा व्हॉट्सअॅप नंबर त्याचा, नकाशावरची दुकानाची नोंद त्याची. मी नंतर कैक वेळा म्हटलं, निदान पासवर्ड तरी मागून घे. दादा म्हणायचा, "जवायाले पासवर्ड मांगाचा का आता? काय म्हणीन तो?"

यंदा दिवाळीच्या तोंडावर भाची स्कूटीवर एक बॅग घेऊन माहेरी आली. मनगट सुजून टम्म झालेलं. वहिनीला म्हणाली, दारात सापडलं. मी अकोल्याहून गेले तेव्हा स्वयंपाकघरात मला नीट सांगितलं. दारात सापडलं नव्हतं. हात दारात धरून त्यानं दार लावलं होतं. "आत्या, मी परत जाणार नाही," ती म्हणाली. मला हेच हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो पाट आला आणि त्याच पाटानं त्याला बडवावंसं वाटलं.

मी आधी तिचा फोन मागितला. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात, तुले नाही जमत म्हणून, त्यानं तिच्या फोनमध्ये स्वतःचा ईमेल टाकून दिलेला. ती भाजीला कोणत्या गल्लीत गेली तेही त्याला दिसायचं. बायकोचा फोन नवऱ्याच्या ईमेलवर चालवू नका, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. लोक हसतात, नवरा-बायकोत काय लपवायचं म्हणतात. मी त्याचा ईमेल काढला, तिचा नवा टाकला, पासवर्ड तिलाच टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिले.

त्याला ते कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडेना. दुपारी नकाशावर दुकानाच्या नावाखाली 'कायमचे बंद' आलं. पुण्या-नागपूरची गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर विचारत होती आणि जावई त्यांना, दुकान उठलं, असं हात जोडलेल्या चिन्हासकट कळवत होता. घरात बर्फीची ताटं भरून पडलेली. संध्याकाळी त्याचा दादाला फोन आला. अगदी गोड आवाज. "तिले पाठवून द्या मामाजी, साइट लगेच चालू करून देतो."

मी म्हटलं, दोन-तीन आठवड्यांत नवी साइट उभी करते, नवं नाव, नवा नंबर, जुन्या गिऱ्हाइकांना आपण एकेक करून कळवू. नकाशाची नोंद परत मिळवायचा अर्जही करू. पोरगी तोवर माझ्याकडे अकोल्याला राहील.

"दोन-तीन आठवडे?" दादा म्हणाला. "दिवाळी काय तुह्यासाठी थांबून राहिली का?"

"तिचा हात पाहिला का तू?"

"पाह्यला. संसारात होते थोडंफार."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. वहिनी उठली आणि भाचीची बॅग भरायला लागली. साड्यांच्या घड्या नीट घातल्या, वर व्याह्यांसाठी बर्फीचा डबा ठेवला. भाची आईच्या हातांकडे पाहत होती. रडली नाही. मला जिन्यात गाठून म्हणाली, "आत्या, नवी साइट माझ्या नावानं घेऊन ठेव. माझाच नंबर टाक. मी येतो परत." आणि बापाच्या मागे गाडीवर बसून गेली. रात्रीची जेवणं व्हायच्या आत साइट चालू झाली. दादानं मला मुद्दाम बोलावून दाखवली.

अकोल्याला येऊन मी ते काम आधी हातात घेतलं. नाव तिचं, नंबर तिचा. दुपारची वेळ साधली, जावई तेव्हा नोकरीवर असतो. तिच्या फोनवर ओटीपी गेला आणि मी लगेच तिला फोन लावला.

उचलला त्यानं.

"बोला आत्या."

"तिला दे."

"थे काम करून राहिली. तुमचा ओटीपी आला आहे ना इथं. पण ओटीपी कोणाले सांगाचा नसते, आत्या. तुमी तर शिकल्या-सवरल्या आहात."

फोन कट झाला. त्यानंतर तिचा नंबर लागेना. मी ऑफिसला कुलूप घातलं आणि अमरावतीच्या मिळेल त्या एस.टी.त बसले. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा दादाचा फोन आला. साइट पुन्हा बंद पडली होती.

"तू काय करून ठेवलं?" तो ओरडला.

मी म्हटलं, "दादा, पोरीचा फोन लागत नाही. तू जवळ आहेस, आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जा."

"जातो ना मंग," तो म्हणाला. "आधी साइटचं सांग."