तारे नकोत, डोंगर चालेल

मंडळी, आज संध्याकाळी लेकीचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, आई गेल्यापासून नुसते कुढत बसलाय. काहीतरी छंद लावून घ्या. तारे बघणार की डोंगर चढणार?"

तारे म्हटल्यावर मला सत्तरच्या दशकातली, गावापासून दूर उधन्याच्या कामगारवस्तीतली आमची खोली आठवली. वडील आणि मोठे काका कापड विणणाऱ्या एकाच लूम कारखान्यात होते, एक दिवसपाळीला तर दुसरा रातपाळीला. दोघांत खाट एकच. एक उठला की दुसरा त्याच गोधडीत शिरायचा.

कारखान्याच्या सुट्टीला मात्र दोघेही घरी असायचे. मग खाट काकांना, आणि मी नि वडील गच्चीवर. लूमच्या खडखडाटाने वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते ओरडूनच बोलायचे. आकाशाकडे बोट करून अहिराणीत म्हणायचे, "आपला गावमा बी हाऊच तारा दिखस!" गावाकडेही हाच तारा दिसतो, हे सगळ्या चाळीला ऐकू जायचं.

फोन ठेवून आज गच्चीवर गेलो. थोडे तारे होते. लगेच खाली उतरलो. घरात आता तीन पलंग आहेत आणि झोपणारा मी एकटा.

लेकीला कळवलं, डोंगर चढतो. गुडघे दुखले तर दुखोत. तारे मात्र एकट्याने बघवत नाहीत. तुम्हाला बघवतात का?