अकरा अंडी, जोहे ते रोहा

होळीनंतर आत्याचा रोह्याहून फोन आला. तिची तांबडी कोंबडी पडवीतल्या पांढऱ्या कांद्यांवर खुडूक बसली होती. खाली एकही अंडं नाही, पण उठवायला गेलं की चोच मारते. कोंबडा मुंगसानं नेलेला, म्हणून आत्याच्या नणंदेकडून, जोह्याच्या सुमनताईंकडून, अंडी आणायची होती.

काका जातील की, मी म्हटलं. ते कुठले जातात, आत्या म्हणाली. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून काका, म्हणजे आत्याचे यजमान, घराबाहेर पडले नव्हते, धड बोलतही नव्हते. मी रजा टाकली.

ठाण्याहून जाणाऱ्यांनी पेणच्या आधी हमरापूर फाट्याला उतरावं, जोह्याला रिक्षा मिळते. सुमनताईंचा गणपतींचा कारखाना आहे. त्यांनी मूर्तीच्या खोक्यात पेंढा घालून अकरा अंडी बसवली. बारा नकोत, विषम लागतात म्हणे. खोक्यावर गणपतीचं चित्र होतं.

या चित्रानं घोळ केला. पेण-रोहा एसटीत कंडक्टरनं मला पुढची जागा करून दिली. नागोठण्याला चढलेल्या आजोबांनी शेजारी बसण्याआधी चपला काढल्या. एका बाईनं केसांतली अबोली खोक्यावर ठेवली. खरं सांगायचं पहिल्याच नमस्काराला राहून गेलं, आणि मग दर थांब्याला ते आणखी अवघड होत गेलं.

रोहा स्टँडवर त्या बाईनं विचारलं, चैत्रात कुणाकडे गणपती? मी खाली मान घालून सांगितलं, अंडी आहेत. फूल परत द्यायला गेले.

"ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली. "पिल्लांना लागंल."

अष्टमी गावाकडचा पूल ओलांडून पुढे आत्याचं घर. वाल काढून झाला होता, ती परसात भेंडीचं बी टोचत होती. संध्याकाळी काका पडवीत आले. एकेक कांदा काढून त्या जागी एकेक अंडं सरकवलं. कोंबडीला पत्ता नाही. मग त्यांनी वही आणली आणि तीन शिफ्ट लावल्या. कावळा, मांजर, मुंगूस, कुणाचा भरवसा नव्हता. मला सेकंड शिफ्ट.

"रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाय," काकांनी बजावलं.

कुंडलिका नदीचा काठ, जुनी देवळं असं बरंच पाहायचं ठरवून गेले होते. दोन दिवस पाहिली ती कोंबडी. जेवण मात्र उत्तम: वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, दोन्ही ड्युटीवरच. निघताना काकांनी वहीत चार्ज लिहून घेतला: अंडी अकरा, कोंबडी जागेवर, तक्रार नाही. खाली माझी सही.

रोह्यात काय पाहिलंस, असं ऑफिसात विचारतात तेव्हा मी अजून अडखळते. एकविसाव्या दिवशी मात्र काकांचा फोन आला. आयुष्यातला पहिला. ते वीस मिनिटं बोलले. नऊ पिल्लं निघाली, आईनं त्यांना थेट भेंडीच्या वाफ्यात नेलं, सगळी रोपं उकरली. आता आत्या रागावून गप्प आहे, तूच समजाव.

मी आत्याला फोन लावला. ती हळूच म्हणाली, "रागावले नाय गो. मी गप ऱ्हायले की ते बोलतात."

भेंडी तिनं पुन्हा टोचली आहे.